बेळगावच्या मातांनी दिलेले उत्तर

घरातील सुनेला दिवस गेल्याची वार्ता कानी आली, म्हणजे आपल्या गावाकडे सल्ल्यांचा पूर येतो. सासूबाई अळिवाची व डिंकाची तजवीज करू लागतात, माहेरची आजी साजूक तुपाचा डबा पाठविते, तर शेजारची काकू पपईला हात लावू नकोस म्हणून बजाविते. अलीकडे या सल्लागारांत आणखी एकाची भर पडली आहे. औषधांच्या दुकानात काचेमागे एक सुबक बाटली उभी असते. तीत सोनेरी रंगाच्या मऊ गोळ्या असतात व बाटलीवर हसऱ्या बाळाचे चित्र असते. ही गोळी आईने घेतली म्हणजे बाळाचा मेंदू तल्लख होतो, असा तिचा लौकिक. परंतु तिची किंमत ऐकली की, निपाणीत विड्या वळून चार पैसे जोडणाऱ्या मातेच्या मनात आपल्या मजुरीचा हिशेब सुरू होतो. घ्यावी, तर घरखर्चाची ओढाताण. न घ्यावी, तर आपण लेकराच्या बुद्धीला मुकविले, अशी आयुष्यभराची रुखरुख.

हा प्रश्न लहान नव्हे. आई आपल्या पोटच्या गोळ्यासाठी काय करणार नाही? आणि म्हणूनच तिच्या या मायेचा कोणी बाजार मांडीत नाही ना, हे पाहणेही अगत्याचे आहे. सुदैवाची गोष्ट अशी की, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस विलायतेकडे पाहावयास नको. तो प्रश्न आपल्या बेळगावातच रीतसर विचारला गेला व आपल्याच परिसरातील ९५७ गर्भवती भगिनींनी त्याचे उत्तर जगास दिले. त्या उत्तराची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

स्निग्ध पदार्थ म्हणजे काय?

ती हकीकत नीट समजण्यासाठी प्रथम तेलातुपाची थोडी ओळख करून घेऊ. तेल, तूप, लोणी, चरबी या सर्वांना मिळून स्निग्ध पदार्थ म्हणतात. त्यांचा मुख्य घटक म्हणजे मेदाम्ले. एखाद्या माळेत मण्यामागून मणी ओवावे, त्याप्रमाणे मेदाम्लात कार्बनचे अणू एकापुढे एक ओवलेले असतात व प्रत्येक अणूच्या अंगाला हायड्रोजनचे अणू चिकटलेले असतात. ज्या माळेत हायड्रोजनला आणखी जागा उरलेली नसते, ती माळ सरळ असते. तिला संपृक्त मेदाम्ल म्हणतात. ज्या माळेत काही जागा मोकळ्या राहून दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध पडतो, तिला त्या ठिकाणी बाक येतो. ते असंपृक्त मेदाम्ल होय.

हा बाक क्षुल्लक दिसला, तरी त्याचा परिणाम मोठा आहे. आमच्या शेतकरी बांधवांना कडब्याच्या पेंढीचा अनुभव आहे. सरळ ताटे एकमेकांस लागून बसतात व पेंढी घट्ट बांधली जाते. परंतु वाकड्यातिकड्या काटक्यांची मोळी कितीही आवळली, तरी ती सैलच राहते. तसेच येथेही आहे. सरळ माळांचे तूप थंडीत घट्ट होते, बाकदार माळांचे शेंगतेल पातळच राहते. शेंगतेल, करडईचे तेल, सूर्यफुलाचे तेल यांत असंपृक्त मेदाम्ले विपुल असतात. खोबरेल मात्र वनस्पतीचे असूनही नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त असते. म्हणूनच थंडीच्या दिवसांत बाटलीतील खोबरेल गोठते, शेंगतेल गोठत नाही.

उंदरांच्या शेपटीने सांगितलेले सत्य

शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की, स्निग्ध पदार्थ हे केवळ शरीराचे सरपण आहे. ते नसले, तरी भाकरीने काम भागेल. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने ही समजूत खोटी ठरविली. त्यांनी उंदरांना इतर सर्व काही पोटभर दिले, परंतु स्निग्ध पदार्थ तेवढे पूर्णपणे वगळले. काही आठवड्यांत त्या उंदरांच्या शेपटीवर खवले चढले, त्यांची वाढ खुंटली, मूत्रपिंडे बिघडली व अखेर ते मरू लागले. पुढे त्या पतिपत्नींनी शोधून काढले की, लिनोलेइक नावाच्या एका मेदाम्लाचे थोडे थेंब दिले असता, हे प्राणी पुन्हा धडधाकट होतात. याचा अर्थ असा की, काही मेदाम्ले शरीराला स्वतः घडविता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांना आवश्यक मेदाम्ले असे नाव पडले.

ही आवश्यक मेदाम्ले दोन कुळांतील आहेत. पहिले कूळ ओमेगा-सहा. त्यातील मूळ पुरुष म्हणजे वर सांगितलेले लिनोलेइक आम्ल. करडईच्या तेलात त्याचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश असते. सूर्यफूल, कारळे, सोयाबीन यांतही ते पुष्कळ असते. दुसरे कूळ ओमेगा-तीन. त्याचा मूळ पुरुष अल्फा-लिनोलेनिक आम्ल. ते आपल्या शेतातील जवसात भरपूर असते. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून किंचित अधिक भाग या एकाच आम्लाचा असतो. सोयाबीनच्या तेलात ते सात टक्क्यांच्या आसपास, तर शेंगतेलात व करडईच्या तेलात ते जवळजवळ नसतेच.

या दुसऱ्या कुळातील एक वंशज म्हणजे डीएचए. त्याचे पूर्ण नाव डोकोसाहेक्झेनोइक आम्ल. ते उच्चारावयास कठीण म्हणून आपण आद्याक्षरांवरच भागवू. त्याच्या माळेत कार्बनचे २२ मणी व सहा दुहेरी बंध असतात. मनुष्याच्या मेंदूत व डोळ्याच्या पडद्यात हे आम्ल मोठ्या प्रमाणावर आढळते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत व जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो, तेव्हा हे आम्ल त्यात साठत जाते. ते बाळाला आईकडून मिळते. प्रथम नाळेतून, नंतर दुधातून. शरीर जवसातील मूळ आम्लापासून डीएचए बनवू शकते खरे, परंतु फारच थोडे. आयते डीएचए मिळते ते मुख्यतः तेलकट माशांतून, आणि मासे तरी ते मिळवितात समुद्रातील सूक्ष्म शेवाळातून.

आता आपल्या घरांकडे पाहा. भाकरी, आमटी, शेंगांची चटणी, एखादी पालेभाजी व ताक हा आपला नित्याचा आहार. गोव्याच्या व कारवारच्या किनाऱ्यावरील मासे घाट चढून बेळगावच्या बाजारात येतात, परंतु ते रोज खाणारे कितीसे? अनेक कुटुंबांत तर मासळी वर्ज्यच आहे. तेव्हा आपल्या मातांच्या शरीरात डीएचएचा तुटवडा असावा व त्यामुळे बाळांच्या मेंदूवर परिणाम होत असावा, अशी शंका शास्त्रज्ञांना आली, तर ती वाजवीच म्हटली पाहिजे. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या तज्ज्ञांनीही गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातेला रोज निदान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावे, अशी शिफारस केलेली आहे.

दिसते तसे असते काय?

परंतु शंका वेगळी आणि सिद्धता वेगळी. आहारशास्त्राच्या इतिहासात दिसण्यावर भुलून फसल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी बँग व डायरबर्ग या दोन डॅनिश शास्त्रज्ञांनी ग्रीनलंडच्या बर्फाळ प्रदेशातील लोकांच्या रक्ताची तपासणी केली. हे लोक मासे व सील यांच्या चरबीवर जगणारे. त्यांना हृदयविकार क्वचितच होतो, अशी समजूत होती व त्यावरून माशाच्या तेलाचा मोठा बोलबाला झाला. पुढे २०१४ साली काही संशोधकांनी जुने कागद पुन्हा तपासले, तेव्हा त्या लोकांत हृदयविकार खरोखरच कमी होता, याला भक्कम आधार नाही, असे त्यांच्या ध्यानी आले.

आपल्या देशातलेही उदाहरण घ्या. रेल्वेचे एक वैद्यकीय अधिकारी डॉ. मल्होत्रा यांनी रेल्वेच्या लाखो नोकरांची नोंद तपासली व १९६७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पंजाबातील नोकर दक्षिणेतील नोकरांपेक्षा कितीतरी अधिक स्निग्ध पदार्थ खात, तेही मुख्यतः दूधतुपातले. तरीसुद्धा हृदयविकार दक्षिणेतील नोकरांत सातपट आढळला! यावरून तूप निर्दोष व तेल दोषी, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? नाही. कारण पंजाब आणि दक्षिण यांत केवळ तेलतुपाचाच फरक नाही. हवा, कामाची तऱ्हा, जेवणाची रीत, तंबाखूचे व्यसन, किती गोष्टी निराळ्या! त्यांपैकी कोणती खरी कारण, हे नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही.

मग खरे कसे कळावे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक साधी परंतु मोठी न्यायी युक्ती योजिली आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे. एका गटास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी. चिठ्ठी कोणाचे तोंड पाहत नाही; त्यामुळे गरीब आणि श्रीमंत, शिकलेल्या आणि न शिकलेल्या, सशक्त आणि अशक्त स्त्रिया दोन्ही गटांत सारख्याच विभागल्या जातात. शिवाय कोणास काय मिळाले, हे घेणारीला ठाऊक नसते व तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. सर्व तपासण्या पुऱ्या झाल्यावरच ते गुपित उघडावयाचे. अशा रीतीने मनाचा कल, आशा अथवा भीती यांना निकालात शिरावयास वाव राहत नाही.

बेळगावातील प्रयोग

नेमका असा प्रयोग बेळगावात झाला. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेतील आहारशास्त्रज्ञ डॉ. श्वेता खांडेलवाल या त्याच्या प्रमुख. १९६३ साली स्थापन झालेले बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले प्रभाकर कोरे रुग्णालय हे त्याचे क्षेत्र. येथील डॉ. कमल पाटील, डॉ. एम. के. स्वामी आदी मंडळींनी त्यात भाग घेतला, तर अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या डॉ. उषा रामकृष्णन यांचे साहाय्य लाभले. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून या प्रयोगाला ‘धानी’ असे सुटसुटीत नाव देण्यात आले.

गर्भ राहून वीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी आलेल्या ९५७ स्त्रिया यात सामील झाल्या. निम्म्यांना रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए मिळेल अशा गोळ्या देण्यात आल्या. हे डीएचए माशांचे नव्हे, तर शेवाळापासून काढलेले होते. त्यामुळे शाकाहारी भगिनींचीही अडचण झाली नाही. उरलेल्या निम्म्यांना साध्या वनस्पती तेलाच्या, दिसण्यात तशाच गोळ्या मिळाल्या. बाळंतपण होईपर्यंत, आणि त्यानंतरही बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत हा क्रम चालू राहिला.

वाचकहो, हे किती चिकाटीचे काम, याचा क्षणभर विचार करा. मळमळ, पाठदुखी, घरची कामे, शेताची लगबग, मग बाळंतपण व तान्ह्या मुलाची जागरणे. या सर्वांतून दिवसामागून दिवस गोळी घेत राहावयाचे, आणि तीही आपल्या वाट्याला कोणती आली आहे, हे न जाणता! आपल्या बाळाला या प्रयोगापासून लाभ होईल, अशी हमी त्यांना कोणी दिलेली नव्हती. लाभ झालाच, तर तो पुढे जन्मास येणाऱ्या बाळांना व्हावयाचा होता. निष्काम सेवा याहून निराळी ती काय असते?

बाळे वर्षाची झाल्यावर त्यांची परीक्षा घेण्यात आली. ही परीक्षाही परदेशी मापाने नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास करून जी विकास-मापनपद्धती तयार केली, तीच येथे वापरली गेली. तीत शरीराच्या हालचालींविषयी ६७ व बुद्धीविषयी १६३ बाबी आहेत. बाळ आधाराशिवाय बसते काय, बोटांच्या चिमटीत बारीक वस्तू धरते काय, लपविलेले खेळणे शोधते काय, हाक मारल्यास वळते काय, अशा प्रकारच्या त्या असतात. त्यांवरून बाळाचा विकासांक काढतात.

गुपित उघडले तेव्हा

२०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डीएचए घेतलेल्या मातांच्या बाळांचा सरासरी विकासांक आणि साध्या तेलाच्या गोळ्या घेतलेल्या मातांच्या बाळांचा सरासरी विकासांक, दोन्ही ९७ च्या जवळपास! शास्त्राच्या कसोटीला उतरेल असा काहीही फरक त्यांत नव्हता. वर्षाच्या बाळाच्या वाढीवर त्या सोनेरी गोळीचा प्रभाव दिसून आला नाही.

कित्येकांना वाटेल की, मग एवढे श्रम व्यर्थ गेले. आम्हांस तसे वाटत नाही. ‘होय’ या उत्तराइतकेच ‘नाही’ हे उत्तरही मोलाचे असते, किंबहुना गरिबांच्या दृष्टीने ते कधी कधी अधिक मोलाचे असते. ज्या शास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षे या कामी वेचली, त्यांना ‘होय’ असे उत्तर मिळते, तर आनंदच झाला असता. परंतु जे आढळले, ते त्यांनी जसेच्या तसे जगापुढे ठेवले. सत्याची चाड म्हणतात ती हीच.

हे उत्तर एकाकीही नाही. मेक्सिकोत डॉ. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,१०० गर्भवतींवर एवढ्याच मात्रेचा प्रयोग पूर्वी केला होता. त्यांची मुले दीड वर्षाची झाल्यावर एकंदरीत फरक आढळला नाही. ऑस्ट्रेलियात २,३९९ स्त्रियांना याच्या दुप्पट मात्रा देऊन पाहिली. २०१० साली जाहीर झालेल्या त्या निष्कर्षातही मुलांच्या एकंदर बुद्धीत फरक नव्हता. मग मूळ शंका चुकीची होती काय? तसे नाही. मेंदूला डीएचए लागते, हे खरेच आहे. परंतु आईचे शरीर आपल्या साठ्यातून काढून बाळाची गरज बऱ्याच अंशी भागवीत असावे; अथवा घरातील बोलणे-खेळविणे, आईच्या अंगातील रक्त, बाळाचे आजारपण या गोष्टींचे पारडे इतके जड असावे की, त्यापुढे गोळीचे वजन भरत नाही. शिवाय एक वर्षाच्या वयात न दिसलेला फरक पुढे कधीच दिसणार नाही, असेही कोणी छातीठोकपणे म्हणू नये. निष्कर्ष जेवढा आहे, तेवढाच घ्यावा. त्यात भर घालू नये व त्यातून काही काढूही नये.

या गोळीची दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. २०१८ साली जगभरातील ७० प्रयोगांचा, म्हणजे सुमारे २०,००० गर्भवतींचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात असे आढळले की, ओमेगा-तीन मेदाम्ले घेणाऱ्या स्त्रियांत चौतीस आठवड्यांपूर्वी होणारी बाळंतपणे हजारी ४६ वरून २७ वर आली. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आकड्याचे मोल कळेल. मात्र पुढल्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ५,५४४ गर्भारपणांच्या एका मोठ्या प्रयोगात हा लाभ आढळला नाही. तेव्हा हा विषय अजून मिटलेला नाही. पूर्वी ज्या भगिनीचे बाळंतपण अकाली झाले असेल, तिच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक गोळी लिहून दिली, तर तिने ती अवश्य घ्यावी. परंतु बाळ हुशार व्हावे एवढ्याचसाठी कर्ज काढून बाटली आणण्याचे कारण नाही. आणि ती न आणणाऱ्या मातेने स्वतःला दोष देण्याचे तर मुळीच कारण नाही.

बेळगाव जिल्ह्यातील मातांनी जगाला उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हा खेड्यातील स्त्रियांचा जुना वैरी. मिसोप्रोस्टॉल नावाची स्वस्त गोळी गावातील परिचारिकेने दिली, तर तो थांबेल काय, हे पाहण्यासाठी या जिल्ह्यातील १,६२० स्त्रियांवर प्रयोग झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आले. एकदा ‘होय’, एकदा ‘नाही’. दोन्ही वेळा कसोटी तीच, प्रामाणिकपणा तोच. म्हणूनच दोन्ही उत्तरे विश्वासास पात्र आहेत.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे

यावरून गृहिणीने काय घ्यावे? पहिली गोष्ट, गर्भारपणी सरकारी दवाखान्यातून मोफत मिळणाऱ्या लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्या चुकवू नयेत. महागड्या बाटलीकडे डोळे लावून या गोळ्या मात्र फळीवर धूळ खात पडू द्यावयाच्या, असे काही घरांत घडते. रक्तक्षय ही आपल्या भगिनींची खरी व सिद्ध झालेली व्यथा आहे.

दुसरी गोष्ट, तेल किती वापरावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रांत २,००० उष्मांकांच्या दैनंदिन आहारासाठी तेलतुपाचे प्रमाण २७ ग्रॅम धरले आहे. घरात किती माणसे आहेत व महिन्यास किती तेल संपते, याचा भागाकार प्रत्येक गृहिणीने एकदा करून पाहावा. आणि एकाच तेलाचा हट्ट धरू नये. शेंगतेल उत्तमच आहे, परंतु त्यात ओमेगा-तीन नाही. म्हणून अधूनमधून सोयाबीनचे तेलही आणावे.

तिसरी गोष्ट म्हणजे जवस. आजीच्या काळात जवसाची चटणी भाकरीसोबत नेमाने असे. आता ती अनेक घरांतून हद्दपार झाली आहे. जवस मंद आचेवर भाजून, लसूण, मिरची व मीठ घालून कुटलेली चटणी ओमेगा-तीन कुळाचा सर्वांत स्वस्त ठेवा आहे. जवस कुटूनच खावा. अख्खा दाणा पुष्कळदा न पचता तसाच बाहेर पडतो. त्याचे तेल लवकर खवट होते, म्हणून चटणी थोडी थोडी करावी व झाकून ठेवावी. गर्भवतीने मात्र कोणतीही वस्तू औषधाप्रमाणे मुठीमुठीने खाऊ नये. ताटात चटणीच्या जागी चटणी, एवढेच प्रमाण राखावे.

चौथी गोष्ट मासळीची. आपल्या घरांत शुक्रवारी व उपवासकाळात मांसाऐवजी मासळी करण्याची रूढी आहे. ती केवळ सुरमई किंवा पापलेट आणून श्रीमंतीने पाळावी, असे नाही. बांगडा व तारली ही गरिबांची मासळी. परंतु ओमेगा-तीनच्या बाबतीत ती कोणत्याही महाग माशाच्या पंक्तीला मानाने बसते. तळण्यापेक्षा कालवण करावे. सुकी मासळीही चालेल, परंतु तीत मीठ फार असल्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांनी ती भिजवून, धुऊन व बेतानेच खावी.

पाचवी गोष्ट टाळण्याची. १९३७ साली डालडा बाजारात आला व वनस्पती तूप घरोघर शिरले. पातळ तेलात हायड्रोजन कोंबून ते घट्ट करितात, तेव्हा काही माळांचा बाक विपरीत होऊन त्या सरळ होतात. त्यांना ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. ती हृदयास घातक आहेत, याबद्दल आता शास्त्रज्ञांत दुमत राहिलेले नाही. म्हणूनच भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून त्यांचे प्रमाण शेकडा दोनांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन घातले आहे. परंतु घरी वा रस्त्यावरील गाड्यावर काळे पडेपर्यंत पुन्हा पुन्हा तापविलेले तेल कोणत्या कायद्याने थांबवावे? नाताळच्या करंज्या तळून उरलेले तेल महिनाभर पुरविण्याची काटकसर ही काटकसर नव्हे.

आणि सर्वांत शेवटची, परंतु बाळाच्या बुद्धीसाठी सर्वांत जवळची गोष्ट. त्या बडोद्याच्या मापनपद्धतीतील बाबी आठवा. बाळ हाकेला वळते काय? त्याला आधी प्रेमाने हाक मारणारे कोणी हवे. ते लपविलेले खेळणे शोधते काय? आधी त्याच्याशी लपाछपी खेळणारे कोणी हवे. सहा महिने केवळ अंगावरचे दूध, नंतर वेळेवर वरचे मऊ अन्न, वेळच्या वेळी लसी आणि घरच्या माणसांचे बोलणे, गाणे, हसणे यांसाठी कोणत्याही दुकानी जावे लागत नाही. येथे पित्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे. विडीच्या धुरापासून गर्भवतीला व तान्ह्याला दूर ठेवणे, तिच्या डोक्यावरील कळशी आपण घेणे, ताटातील चांगला घास तिच्यासाठी राखणे, हेही बाळाच्या संगोपनाचाच भाग आहेत.

बेळगावच्या त्या ९५७ भगिनींपैकी कोणाच्या वाट्याला डीएचए आले व कोणाच्या वाट्याला साधे तेल, हे आपणांस ठाऊक नाही. त्यांची नावेही कोणत्या शिलेवर कोरलेली नाहीत. कदाचित त्यांतील एखादी उद्या बाजारात आपल्या शेजारी उभी राहून मेथीची जुडी निवडीत असेल. परंतु पुढल्या वेळी औषधाच्या दुकानात काचेमागील ती बाटली पाहून एखाद्या गरीब मातेच्या मनात अपराधाची भावना डोकावू लागली, तर तिला आपण धीराने सांगू शकतो की, बाई, चिंता करू नकोस. तुझ्यासारख्याच आयांनी या प्रश्नाचा शोध घेतला आहे. तुझी भाकरी, तुझी जवसाची चटणी, तुझे दूध आणि तुझी माया यांचे मोल त्या बाटलीने कमी होत नाही.